फोटोआधीचं ओझं

वर्धा जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सेवाग्राम, पवनार, कापूस आणि सपाट काळी जमीन येते. डोंगर कुणाला आठवत नाहीत. पण सेलू मागे टाकून हिंगणीच्या रस्त्याला लागलं, की उत्तरेला सपाट माथ्याच्या टेकड्यांची रांग दिसायला लागते. सातपुड्याचे हे फाटे पुढे नागपूर जिल्ह्यात शिरतात. त्यांतला गरमसूरचा माथा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडा वर जातो. सह्याद्रीत हिंडलेल्यांना ही उंची किरकोळ वाटेल. पण पाठीवर पंधरा किलो, डोक्यावर एप्रिलचं ऊन आणि पायाखाली सुटा काळा दगड असला, की याच टेकड्या माणसाचा कस पाहतात.

माझं काम या टेकड्यांत आहे. बोर व्याघ्रप्रकल्पात वाघांच्या मोजणीसाठी जे कॅमेरे लावतात, ते ठरलेल्या जागी न्यायचे, बांधायचे, मधूनमधून तपासायचे आणि मुदत संपली की काढून परत आणायचे. बोरला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१४ साली ते व्याघ्रप्रकल्प झालं. गाभाक्षेत्र अवघं १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या व्याघ्रप्रकल्पांत हे आकाराने अगदी लहान. पण ताडोबा, पेंच, मेळघाट आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्या अधेमधे असल्याने वाघांच्या येण्याजाण्याच्या दृष्टीने मोक्याचं. पर्यटकाला इथे गाडीतून उतरता येत नाही. आम्ही मात्र चालतो, कारण बरेचसे कॅमेरे लागतात ते गाडी जाते तिथून पुढे.

कॅमेरा ट्रॅप ही वस्तू दिसायला साधी असते. विटेपेक्षा थोडा लहान डबा, समोर भिंग, त्याखाली उष्णता आणि हालचाल टिपणारा सेन्सर. समोरून अंगात ऊब असलेलं काही गेलं, की फोटो निघतो. एका ठिकाणी कॅमेरे दोन लागतात, वाटेच्या दोन बाजूंना. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला, तर आजचा वाघ आणि परवाचा वाघ एकच की दोन, हे खात्रीने सांगता येत नाही. पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या काढायची ही रीत उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत बसवली. आता देशभर तीच चालते. जंगलाचे नकाशावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात एक जोडी लावतात.

हे सगळं कागदावर वाचताना वजन कुठेच दिसत नाही. ते पिशवी भरताना कळतं. आमच्याकडच्या कॅमेऱ्यांना टॉर्चचे असतात तसे मोठे गोल सेल लागतात, एका कॅमेऱ्याला चार. चांगल्या अल्कलाइन सेलचं वजन १४० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे एका जोडीचे नुसते सेल एक किलोच्या वर. पाच जागा लावायच्या असतील, तर दहा कॅमेरे आणि चाळीस सेल. त्यात साखळ्या, कुलपं, बांधायचे पट्टे, विळा, जीपीएस, मेमरी कार्डांची डबी, जागेचा क्रमांक लिहायची पाटी आणि जास्तीचे सेल. या सगळ्यावर पाणी. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत माणशी चार-पाच लिटर पाणी घेतल्याशिवाय निघताच येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. सकाळी निघताना पिशवीतली सर्वांत जड वस्तू पाणीच असते. दुपारपर्यंत ते पोटात जातं आणि पाठ हलकी होते. सेल मात्र हलके होत नाहीत. महिनाभर चालून संपलेला सेलही नव्याइतकाच भरतो आणि तो परत आणावाच लागतो. जंगलात सेल टाकायचा नाही, हा नियम कुणी सांगावा लागत नाही. खाली नाल्याचं पाणी हरणं पितात.

आमची टोळी चौघांची असते. बीटचे वनरक्षक, दोन वनमजूर आणि मी. वनमजुरांपैकी एक काका जंगलाकाठच्याच गावचे. वय साठीकडे झुकलेलं, अंगात खाकी शर्ट, डोक्याला दुपट्टा, उन्हाळ्यात खिशात कांदा. ओझं कसं घ्यायचं, हे मला त्यांनी शिकवलं. महागडी पिशवी पाठीला होती, तरी ती भरायची कशी हे मला माहीत नव्हतं, कारण ते महाविद्यालयात कुणी शिकवत नाही. काकांनी पहिल्याच आठवड्यात माझी पिशवी उलटी करून पुन्हा भरली. सेल दुपट्ट्यात गुंडाळून मधोमध, पाठीच्या कण्याला लागून. कॅमेरे त्याच्या वर, भिंगं आतल्या बाजूला करून. विळा बाहेर आणि उजव्या हाताला. पाणी दोन बाजूंना सारखं. मग पिशवीचा कमरेचा पट्टा आवळत म्हणाले, “ओझं खांद्यानं नाही उचलत जी ताई, कंबरेनं उचला लागते. मोळीवाल्या बाया पाहा. मान हालत नाही त्याईची.”

त्यानंतर मी त्या बायांकडे नीट पाहायला लागले. मोळीचा भार त्या शरीराच्या मध्यरेषेवर तोलतात आणि पाऊल लहान टाकतात. उतारावर गुडघा किंचित वाकलेला असतो, आणि पुढचा पाय टेकल्याशिवाय मागचा उचलत नाहीत. बेसाल्टच्या उतारावर सुटे धोंडे पायाखालून सरकतात. लांब टांग टाकणारा तिथे हमखास घसरतो, आणि पाठीवरचं वजन सैल असेल तर आणखी चार पावलं खाली नेतं. गळ्यात कॅमेरा लटकवून चढ चढणारे हौशी लोक मी गरमसूरकडे पाहिले आहेत. प्रत्येक पावलाला कॅमेरा झुलतो, छातीवर आपटतो आणि माणसाला पुढे ओढतो. पट्टा खांद्यावरून तिरका घालून कॅमेरा काखेखाली दाबून धरला, तर तोच कॅमेरा निम्मा हलका वाटतो. दोन्ही हात मोकळे राहतात, ते वेगळंच. बोरमध्ये हात मोकळे लागतात. रायमुनियाच्या जाळीतून वाट काढायची असते, खाजकुयरीच्या शेंगा बाजूला सारायच्या असतात. अस्वलाची धास्ती तर वाघापेक्षा जास्त. झुडपं दाट झाली की काका काठी दगडावर आपटत, मोठ्याने बोलत चालतात. वाघाला माणसाची चाहूल आधी लागते आणि तो बाजूला होतो. आपल्याच नादात असलेलं अस्वल अचानक समोर आलं, तर मात्र अंगावर येऊ शकतं.

इथवर सांगितलं ते ओझं नेण्याचं तंत्र झालं. माझ्या कामाचा खरा अर्थ मला त्याच्या पुढे सापडला.

एका चौकोनात जागा ठरवायची होती. नकाशावर चौकोनाचा मध्य एका उतारावर पडत होता. साग आणि सालईची विरळ झाडी, वर पठार. मी जीपीएस पाहत सरळ चढायला निघाले. काका थांबले. “तिकडून कोणी जात नाही,” म्हणाले. मी नकाशा दाखवला. त्यांनी तो पाहिला, परत दिला आणि म्हणाले, “वाघ का नकाशा पाहून चालते जी? त्यालेही दम लागते.” मग ते डावीकडे वळले. एका कोरड्या नाल्याच्या पात्रातून आम्ही गेलो. वाळूत पाय नीट रुततो, धोंडे नाहीत, चढ अंगावर येत नाही. अर्ध्या तासाने दोन टेकड्यांमधली एक खिंड आली. पलीकडे उतरलं की पाणवठा. खिंडीतल्या मातीत ठसा होता, दोन दिवसांपूर्वीचा असावा, कडा ढासळायला लागलेल्या. शेजारी सागाच्या बुंध्यावर नखांचे उभे ओरखडे.

ओझं घेतलेला माणूस आणि वाघ एकच वाट निवडतात, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. दोघांनाही शक्ती राखायची असते. दोघेही काटेरी जाळी टाळतात, कडा टाळतात, नाल्याचं पात्र, जुनी बैलगाडीची वाट, जाळरेषा, खिंड धरतात. दोघांनाही पाण्याजवळून जायचं असतं. वाघ रुळलेल्या वाटा आणि नाले पसंत करतो, हे पुस्तकांत लिहिलेलं आहेच. पण नेमकी कोणती वाट, कोणतं वळण, हे पुस्तक सांगत नाही. ते त्या माणसाला कळतं, ज्याने आयुष्यभर याच डोंगरातून मोहफुलांच्या टोपल्या, तेंदूपत्त्याचे भारे आणि पाण्याच्या कॅन वाहिल्या आहेत. रिकाम्या हाताने चालणाऱ्याला कोणतीही वाट चालते. ओझ्याने वाकलेल्याला चालत नाही. म्हणून त्याच्या पायांना डोंगराची जी माहिती असते, ती मोकळ्या माणसाच्या पायांना नसते.

तेव्हापासून कॅमेरे वाहून नेण्याला मी खऱ्या कामाआधीचं हमालीचं काम मानत नाही. मोजणीचा निम्मा भाग तोच आहे. कॅमेरा चुकीच्या जागी लागला, तर तो महिनाभर प्रामाणिकपणे चालेल आणि रानकोंबड्या, रोही, हलतं गवत यांचे हजारो फोटो काढेल. त्यात वाघ नसेल. मग कागदावर दिसेल की इथे वाघ नाही. वाघ शंभर मीटरवरच्या नाल्यातून रोज जात असेल.

कॅमेरा लावण्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. वाटेच्या दोन बाजूंना हाताच्या पंज्याएवढ्या जाडीची, न हलणारी झाडं शोधायची. कॅमेरा जमिनीपासून हातभरापेक्षा कमी उंचीवर येतो, म्हणजे वाघाच्या कुशीच्या रेषेत. उन्हाकडे तोंड नको, कारण तापलेला दगड आणि जनावर यांतला फरक सेन्सरला कळेनासा होतो. मे महिन्यात जमीनच इतकी तापते की जनावराच्या अंगाची ऊब तिच्यापुढे फारशी वेगळी उरत नाही. दोन कॅमेरे अगदी समोरासमोरही बांधायचे नाहीत, थोडे तिरके. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत शिरतो. समोरचं कुसळीचं गवत विळ्याने कापायचं, नाहीतर वाऱ्याची प्रत्येक झुळूक कार्डावर उमटते. घड्याळ दोन्हींत सारखं लावायचं. मग क्रमांकाची पाटी भिंगासमोर धरून पहिला फोटो घ्यायचा. शेवटी एक जण गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत वाटेवरून जातो, वाघाच्या उंचीने, वाघाच्या चालीने. लाल दिवा लुकलुकला की कॅमेरा पाहतोय याची खात्री होते. हे रांगायचं काम काका करतात आणि फार मनापासून करतात. वळणावर वाघ आतल्या बाजूने जाईल, म्हणून तेही आतल्या बाजूने जातात. त्यांच्या रांगण्यावरून आम्ही कितीदा तरी कॅमेऱ्याचं तोंड बदललं आहे.

ओझं वाहणाऱ्याची ही जाणकारी नोंदीबाहेर राहणं जुनंच आहे. सॅम्युअल बॉर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात हिमालयात तीन मोठ्या फेऱ्या केल्या. काचेच्या जड पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू हमालांच्या पाठीवर होता. ओल्या काचेच्या त्या पद्धतीत पट्टी जागेवरच तयार करून, ओली असतानाच फोटो घेऊन, लगेच धुवावी लागे. म्हणजे सगळी प्रयोगशाळाच डोंगरावर न्यायची. १८६६ साली त्याने साडेपाच हजार मीटरहून उंच मणिरंग खिंडीत फोटो घेतले. ते फोटो आजही पुस्तकांत छापले जातात. त्या काचा फुटू न देता बर्फातून वर नेणाऱ्या माणसांची नावं मात्र चित्रांखाली येत नाहीत. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तरेच्या जंगलांत तारेला पाय लागला की फोटो निघेल अशी जुळणी करून रात्रीचे वाघ टिपले. आजचा कॅमेरा ट्रॅप त्याच कल्पनेचा वंशज. फरक इतकाच की तेव्हाचं सामान आणखी अवजड होतं.

आमच्या जिल्ह्यात छायाचित्रणाची याच्या अगदी उलट परंपराही घडली आहे. सेवाग्राम आश्रमातल्या कनू गांधींना फोटो काढायची परवानगी देताना बापूंनी अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला फोटोसाठी उभं राहायला सांगायचं नाही आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून एक रोलिफ्लेक्स आली आणि १९३८ पासून पुढची दहा वर्षं कनूंनी त्या अटींत राहून काम केलं. अटी कडक होत्या, म्हणून सामान हलकं राहिलं. सामान हलकं, म्हणून ते बापूंच्या बरोबरीने चालू शकले. आम्हाला फ्लॅश टाळता येत नाही, रात्रीच्या अंधारात पट्टे दिसायला हवेत. पण दुसरी अट आम्हीही पाळतो. वाघाला आम्ही थांबवत नाही, आमिष ठेवत नाही. तो जिथून जातो तिथे जाऊन उभं राहणं, एवढंच आमच्या हाती असतं. आणि कुठे उभं राहायचं हे ठरवायला डोंगर पायाखाली घालावा लागतो.

२०१८ च्या देशव्यापी मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून जास्त फोटो निघाले आणि त्यांतले वाघांचे होते ७६,६५१. जगातली सर्वांत मोठी कॅमेरा ट्रॅप पाहणी म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. त्या वर्षी देशात २,९६७ वाघ असल्याचा अंदाज जाहीर झाला. हा आकडा वर्तमानपत्रात वाचताना मला सव्वीस हजार ठिकाणं दिसतात, प्रत्येक ठिकाणी दोन कॅमेरे, आणि गाडीची वाट संपल्यावर ते पाठीवर घेऊन पुढे गेलेली माणसं. ती बोरची असतील, सुंदरबनच्या चिखलातली असतील, अरुणाचलच्या पावसातली असतील. आकडा त्यांच्या पाठीवरून आलेला आहे.

हे सारं कशासाठी, असं गावात मला विचारतात. तेव्हा मी बाजीरावचं उदाहरण देते. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस बोरचा हा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. कॅमेऱ्यांच्या नोंदी नसत्या, तर रस्त्यावर एक वाघ मेला, एवढंच म्हणता आलं असतं. पट्टे माहीत असले की मेलेला वाघ कुठला, त्याचा वावर कुठवर होता, तो रस्ता का ओलांडत होता, हे विचारता येतं. तेव्हाच महामार्गाखालून जनावरांना वाट हवी, ही मागणी पुराव्याने करता येते. वाघाच्या बाजूने बोलायला पुरावा लागतो, आणि हा पुरावा कुणीतरी किलोकिलोने डोंगरावर नेलेला असतो.

मोसमाच्या सुरुवातीला नवी मुलंमुली कामावर येतात. विज्ञान शिकलेली, उत्साही, हातात चांगले फोन असलेली. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली, पिशवी स्वतः भरा आणि स्वतः उचला. सगळं वजन वनमजुरांच्या पाठीवर देऊन मोकळ्या हाताने चाललात, तर डोंगर तुम्हाला काहीच शिकवणार नाही. दुसरी, जागा ठरवताना आधी काकांना बोलू द्या, नकाशा नंतर उघडा. नकाशा वाईट नाही, त्याच्यामुळे जंगलाचा एकही कोपरा सुटत नाही. पण चौकोनाच्या आत कुठे, याचं उत्तर पायांकडे आहे.

प्रत्येक जागेचा एक कागद असतो. त्यावर चौकोनाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, दोन्ही कॅमेऱ्यांचे नंबर, लावल्याची तारीख, काढल्याची तारीख. खाली शेऱ्याची मोकळी जागा असते. तिथे मी ही जागा कुणी सुचवली आणि का, ते नावासकट लिहिते: खिंड, नाल्यातून सोपा चढ, पलीकडे पाणी. छापील कागदातच असा रकाना असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यात कौतुकाचा भाग आहेच, पण गरज त्याहून मोठी आहे. काका दोन-तीन वर्षांत कामावरून उतरतील. त्यांच्याबरोबर वाटांची माहितीही गेली, तर पुढची टोळी पुन्हा चौकोनाच्या मध्यावर जाऊन कॅमेरा बांधेल. त्या कागदावर नाव असलं, तर ती टोळी डोंगर चढण्याआधी त्यांच्या घरी जाऊन विचारू शकेल.